बॉल आत गेला म्हणून शॉट चांगला ठरत नाही

18 जून 2013. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम फेरीचा सहावा सामना, मायामीत. चार विजय मिळवणारा विजेता. सॅन अँटोनिओ स्पर्स मालिकेत 3-2 ने पुढे, आणि या सामन्यातही 28 सेकंद उरले असताना पाच गुणांनी पुढे. करंडक देण्याची तयारी म्हणून मैदानाच्या कडेला पिवळी दोरी लावायला माणसं आली होती. मायामीचे काही प्रेक्षक तर उठून घराकडे निघालेही होते.

नेमक्या त्या वेळी स्पर्सचे कोच ग्रेग पोपोविच यांनी टिम डंकनला बेंचवर बसवलं. डंकन म्हणजे संघाचा सगळ्यात भरवशाचा रिबाउंडर, चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणारा. पण पोपोविच यांचा हिशेब साधा होता. मायामीला आता थ्री-पॉइंटरच, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉटच, लागणार. ते अडवायचे तर रेषेवर स्क्रीन लागला, म्हणजे समोरच्या एकाने आपल्या डिफेंडरची वाट अडवली, की डिफेंडरनी आपापली माणसं क्षणात बदलून घ्यायची. 37 वर्षांच्या, 6 फूट 11 इंच उंचीच्या माणसाला तिथे चपळ गार्डमागे पळायला लावण्यापेक्षा पायात वेग असलेले पाच जण ठेवलेले बरे. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा शॉट चुकला. रिबाउंड मायामीने उचलला, बॉल पुन्हा लेब्रॉनकडे आला आणि या खेपेला आत गेला. मग स्पर्सची दोनपैकी एक फ्री थ्रो हुकली. लेब्रॉनचा पुढचा थ्री-पॉइंटरही चुकला आणि पुन्हा रिबाउंड मायामीचा: ख्रिस बॉशने तो घेतला आणि उजव्या कोपऱ्याकडे उलट्या पावलांनी सरकणाऱ्या रे ॲलनला पास दिला. ॲलनचा थ्री-पॉइंटर आत गेला. 5.2 सेकंद बाकी, 95-95. ओव्हरटाइममध्ये मायामी 103-100 ने जिंकली, आणि दोन दिवसांनी सातवा सामनाही.

डंकन असता तर तो रिबाउंड त्याने घेतला असता, असं सगळे म्हणाले. अजूनही म्हणतात. असेलही. पण पोपोविच यांच्या निर्णयाचा पहिला अर्धा भाग दोन्ही वेळा फळला होता, लेब्रॉनला सहज शॉट मिळाला नव्हता आणि दोन्ही शॉट चुकले होते. रिबाउंड ही त्या निर्णयाची किंमत होती. ती त्यांना माहीत होती, आणि ती दोनदा चुकवावी लागली. माझं मत विचाराल तर मी डंकनला मैदानात ठेवलं असतं. पण हे मत मला निकाल कळल्यावर सुचलंय, तेव्हा त्याची किंमत काय धरायची ते तुम्हीच ठरवा.

त्या रात्रीनंतर स्पर्सबद्दल जे बोललं गेलं ते मला जास्त खटकतं. म्हातारा संघ, दडपण झेपलं नाही, शेवटचा घाव घालायची वृत्ती नाही. पुढच्या वर्षी जवळजवळ तीच माणसं, तोच कोच, समोर पुन्हा मायामीच. स्पर्सनी मालिका 4-1 ने जिंकली आणि चारही विजय 15 किंवा त्याहून जास्त गुणांनी. आता तीच माणसं पोलादी मनाची झाली. बारा महिन्यांत वृत्ती बदलली म्हणायची, की पहिल्या वर्षीही ती तशीच होती आणि फक्त एक बॉल रिंगवरून वेगळ्या दिशेला उडाला?

मानसिकता हा शब्द आपण फार सैल वापरतो. जिंकले की भक्कम, हरले की कच्ची. निकाल लागल्यावर चिकटवायचं ते लेबल झालंय. आणि जे लेबल नंतर चिकटवायचं, त्यातून आधी काय करावं हे कळत नाही.

तोच क्षण मायामीच्या बाजूने बघा. ॲलनच्या त्या शॉटला लोक जिगर म्हणाले. त्याची एक जुनी ड्रिल अनेकांना माहीत होती: बास्केटखाली जमिनीवर आडवं पडायचं, उठायचं, खाली न बघता उलट्या पावलांनी कोपऱ्यात धावायचं, पास घ्यायचा आणि शॉट मारायचा. कोपऱ्यात थ्री-पॉइंट रेषा आणि बाहेरची सीमारेषा यांच्यात जेमतेम तीन फुटांची पट्टी असते. मागच्या मागे जाताना पाय त्या पट्टीतच पडले पाहिजेत. हे त्या रात्री स्फुरलेलं नव्हतं. रिकाम्या जिममध्ये, कुणी बघत नसताना, वर्षानुवर्षं केलेलं होतं. त्या पाच सेकंदांत ॲलनच्या मनात धैर्य वगैरे काही होतं की नाही, मला ठाऊक नाही. पायांत सवय होती, एवढं दिसतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: कोचने खेळाडूच्या निर्णयाला मार्क द्यावेत, निकालाला देऊ नयेत. आणि कोचला नेमणाऱ्यांनी, म्हणजे शाळा, क्लब, पालक यांनी, कोचलाही त्याच मापाने मोजावं. मुलांच्या खेळात तर नक्कीच. जिंकण्याची वृत्ती म्हणतात ती या मापातून घडते. सामन्याआधीच्या भाषणातून ती घडल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि अशी भाषणं मी स्वतः पुष्कळ दिली आहेत.

हे माप बास्केटबॉललाच इतकं का लागू पडतं, ते गणितात आहे. थ्री-पॉइंटर 36 टक्के जात असतील तर 100 शॉटमागे 108 गुण मिळतात. रेषेच्या एक पाऊल आतून, दोन गुणांचे शॉट 40 टक्के जात असतील तर 100 शॉटमागे 80. म्हणजे जो शॉट जास्त वेळा चुकतो तो शॉट जास्त फायद्याचा. डोळ्यांना हे पटत नाही, कारण डोळे चुकलेले शॉट मोजतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ पूर्ण सामन्याच्या गुणांऐवजी दर पझेशनमागे, म्हणजे दर वेळी बॉल ताब्यात आल्यावर, किती गुण झाले हे मोजत, तेही संगणक हाताशी नव्हते त्या काळात. एनबीएत थ्री-पॉइंटर 1979 मध्ये आला, पण या साध्या गुणाकाराचा पुरता फायदा घ्यायला बहुतेक संघांना पुढची तीसेक वर्षं लागली. चुकलेल्या शॉटची लाज हे त्याचं एक कारण असावं, असा माझा अंदाज आहे.

आता या गणिताची दुसरी बाजू. 2018 मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत सातवा सामना खेळत होते, समोर गोल्डन स्टेट. मध्यंतराला ह्यूस्टन 11 गुणांनी पुढे. पण मध्यंतराआधीपासून चौथ्या क्वार्टरपर्यंत त्यांचे सलग 27 थ्री-पॉइंटर चुकले. सत्तावीस. सामन्यात 44 पैकी 7 गेले, आणि ते 101-92 ने हरले. दर शॉट 36 टक्क्यांचा आणि एकमेकांशी असंबद्ध धरला, तर सलग 27 चुकण्याची शक्यता पावणेदोन लाखांत एक इतकी येते. मग नशीब म्हणून सोडून द्यायचं?

इथे मात्र गणितवाल्यांशी माझं पटत नाही. शॉट एकमेकांशी असंबद्ध नसतात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाय जड झाले की शॉट आखूड पडतो, रिंगच्या पुढच्या कडेवर आदळतो. मुख्य गार्ड ख्रिस पॉल जखमी होऊन बाहेर असला की मोकळा वाटणारा शॉटही अर्धा सेकंद उशिरा मिळतो. पंधराव्या चुकीनंतर कोचपुढचा प्रश्न हा, की शॉट अजूनही तोच आहे का? तोच असेल तर मारत राहा, जग हसलं तरी. तो शॉट बदलला असेल, पाय थकलेत, पास उशिरा येतोय, तर धोरण तेच ठेवणं हा नुसता हट्ट. आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. फरक फक्त बघणाऱ्याला कळतो, आणि कोचचा पगार या बघण्यासाठी असतो.

जाता जाता, ‘हात गरम आहे’ या समजुतीचं काय झालं तेही पाहण्याजोगं आहे. 1985 मध्ये गिलोविच, व्हॅलोनी आणि ट्वर्स्की या तिघांनी आकडे तपासून सांगितलं की सलग शॉट गेले म्हणून पुढचा जाण्याची शक्यता वाढत नाही, हा भ्रम आहे. खेळाडू आणि कोच यांनी ते कधीच मानलं नाही, आणि तीस वर्षं विद्वान त्यांना हसले. मग मिलर आणि सानहुर्हो या दोघांनी दाखवून दिलं की मूळ हिशेबाच्या पद्धतीतच एक बारीक गफलत होती. ती काढली तर गरम हाताचा थोडाफार पुरावा त्याच आकड्यांत सापडतो. तेव्हा आकड्यांवर विश्वास ठेवा, पण त्यांच्या पाया पडू नका.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी 14 वर्षांखालील मुलींचा संघ सांभाळत होतो. एका सामन्यात दहा सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन चाल मांडणारी खेळाडू, बॉल घेऊन थेट आत घुसली. समोर तीन डिफेंडर. डाव्या कोपऱ्यात आमची दुसरी मुलगी एकटी उभी होती, गुडघे वाकवून, दोन्ही हात छातीपुढे ओंजळीसारखे धरून. पास हवाय हे सांगायची तिला मी तशीच सवय लावली होती. गार्डने तिच्याकडे पाहिलंही, हे मी बेंचवरून स्पष्ट पाहिलं. पण तिने पास दिला नाही. हवेत तिघींच्या मधून बॉल वर फेकला. तो बोर्डाला लागला, रिंगवर दोनदा उडाला आणि आत पडला.

मैदानात एकच कल्ला. मुलींनी तिला उचललं. मी? मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

पुढच्या तीन सामन्यांत गार्डने तोच शॉट मारला, बहुधा सात-आठ वेळा, आणि तो एकदाही गेला नाही. त्यावर मी तिला रागावलोही. म्हणजे पहिल्यांदा शाबासकी दिली त्याच गोष्टीसाठी. पण खरी किंमत कुठे चुकवावी लागली ते मला उशिरा दिसलं. कोपऱ्यातली ती मुलगी. तिसऱ्या सामन्यात ती अजूनही कोपऱ्यात जाऊन उभी राहत होती, सांगितल्या जागेवर. पण तिचे हात खाली होते. शेवटी एकदा पास आला तेव्हा तो तिच्या बोटांना लागून बाहेर गेला, आणि बेंचवरची कुणीतरी म्हणाली, हिचं लक्षच नसतं. लक्ष होतं. मी टाळ्या वाजवून तिला शिकवलं होतं की हात वर धरून उपयोग नाही.

त्यानंतर मी सरावात एक खेळ सुरू केला, ज्यात बास्केट मोजायचीच नाही. पाच विरुद्ध पाच. तोल सांभाळून घेतलेला मोकळा शॉट, दोन गुण. मोकळा ले-अप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन मारलेला सोपा शॉट, दोन गुण. अंगावर डिफेंडर असताना घाईने घेतलेला, शून्य. मोकळी सहकारी दिसत असताना घेतलेला, उणे एक. बॉल आत गेला की नाही हे विचारायचं नाही. ही माझी शक्कल नाही, अशा तऱ्हेचे सराव पुष्कळ कोच घेतात. पहिल्या दिवशी मुलींनी कटकट केली. आठवड्याभरात त्या एकमेकींशी गुणांवरून भांडायला लागल्या: तो मोकळा कसा, ही दोन हातांवर होती की! हे भांडण ऐकताना मला जेवढा आनंद झाला तेवढा त्या जिंकलेल्या सामन्यात झाला नव्हता. कारण त्या आता शॉट जाण्याआधीच त्याच्याबद्दल बोलत होत्या.

डीन स्मिथ यांच्या संघात आणखी एक रीत होती: बास्केट करणाऱ्याने लगेच पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. एवढंच. त्यावर मी आणखी एक जोडलं, चुकलेल्या शॉटनंतरही बोट दाखवायचं. चांगला पास हा चांगला पासच असतो, पुढे काय झालं ते वेगळं.

कोचने बोलायचं किती आणि काय, यावर एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. कोच जॉन वुडन यांनी यूसीएलए या विद्यापीठाला 12 वर्षांत 10 एनसीएए, म्हणजे अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची, विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्या शेवटच्या मोसमात, 1974-75 मध्ये, थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला येऊन बसले आणि त्यांनी वुडन यांची प्रत्येक सूचना टिपून ठेवली. पंधरा सरावांत 2,326 नोंदी झाल्या. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं, केव्हा करायचं. शाबासकी सात टक्क्यांच्या आत, आणि नापसंतीही जवळपास तितकीच. लांबलचक भाषणं नाहीतच. चूक दिसली की खेळ थांबवून बरोबर कसं ते करून दाखवायचं, मग खेळाडूने काय केलं ते करून दाखवायचं, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत, आणि खेळ पुढे सुरू.

लोकांना वुडन यांची यशाबद्दलची वचनं पाठ असतात. भिंतीवर लावतात. त्या 2,326 नोंदींत वचनं शोधायला गेलात तर निराश व्हाल. आणि ज्याची आठवण कुणी फारशी काढत नाही ते म्हणजे, वुडन 1948 मध्ये यूसीएलएला आले आणि पहिलं विजेतेपद मिळालं 1964 मध्ये, सोळाव्या मोसमात. सामने ते आधीही जिंकत होते, करंडक नव्हता. आज कुठल्या संस्थेने त्यांना एवढा वेळ दिला असता? त्या पहिल्या विजेत्या संघात 6 फूट 5 इंचांहून उंच असा एकही खेळाडू सुरुवातीच्या पाचांत नव्हता. पूर्ण मैदानभर झोन प्रेस लावून, म्हणजे माणसांऐवजी जागा वाटून घेऊन सगळीकडे दबाव टाकत, समोरच्याला विचार करायला उसंत न देता, ते 30 पैकी 30 सामने जिंकले. पुढे उंच माणसं आली तेव्हा त्यांनी खेळ त्यांच्याभोवती बांधला. हाती काय आहे ते बघून चाल ठरली.

आता आरडाओरडा. यावर लोक मला नेहमी कोच बॉबी नाइट यांचं उदाहरण देतात. 1976 चा इंडियाना विद्यापीठाचा संघ, 32 पैकी 32 विजय. त्यानंतर पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, अपराजित राहून विजेतेपद कुणालाच जमलेलं नाही. नाइट कसे वागत हे जगजाहीर आहे. 1985 मध्ये त्यांनी चालू सामन्यात मैदानात खुर्ची भिरकावली होती, आणि 2000 मध्ये विद्यापीठाने त्यांना काढलं. पण जिंकले ना? जिंकले. धाक चालतो, हे मी नाकारत नाही. बचावात पाय हलवणं, लूज बॉलवर झेप टाकणं, अशी जी कामं विचार न करता जोर लावून होतात, तिथे धाक काही काळ उत्तम चालतो. जिथे दोन पर्यायांतून अर्ध्या सेकंदात एक निवडायचा असतो, तिथे तो घात करतो.

हे बघायचं असेल तर कुठल्याही शालेय सामन्याला जा आणि बॉलकडे न बघता माना बघा. पास चुकला, बॉल दुसऱ्या संघाच्या हाती गेला, की त्या क्षणी चुकलेल्या खेळाडूची मान कुठे वळते? ज्या संघाचा कोच ओरडणारा असतो तिथे ती बेंचकडे वळते. एक सेकंदच. पण त्या सेकंदात समोरचा गार्ड मध्यरेषा ओलांडून गेलेला असतो, आणि फास्ट ब्रेकवर सोपा ले-अप होतो. मग कोच आणखी ओरडतो: परत का नाही आलास? अरे, तो तुझ्याकडेच बघत होता. सामन्याचं चित्रीकरण लावून अशा माना मोजाव्यात असं मी तरुण कोचना सुचवतो. माझ्या स्वतःच्या एका सामन्यात त्या अकरा निघाल्या होत्या. त्यानंतर मी पहिला क्वार्टर हाताची घडी घालून बसायला शिकलो. सोपं नाही.

ओरडत नाहीत पण प्रत्येक ड्रिबल बेंचवरून चालवतात, अशा कोचांची जातही मोठी आहे. डावीकडे जा, स्क्रीन घे, आता पास, शॉट! मुलगा कोचच्या हातातलं रिमोटवरचं खेळणं होतो. हा खेळ त्यासाठी बनलेलाच नाही. 24 सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, सतत पालटणारी बाजू. बेंचवरून निघालेला शब्द कानापर्यंत पोचतो तोवर चित्र बदललेलं असतं. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तर 1948-49 च्या मोसमापर्यंत टाइमआउटमध्ये कोचने खेळाडूंशी बोलायलाही बंदी होती. टाइमआउट खेळाडूंचा, त्यांनीच ठरवायचं. आज हे ऐकून तरुण कोच हसतात. पण 12 फेब्रुवारी 2018 ला गोल्डन स्टेटचे स्टीव्ह कर यांनी फिनिक्सविरुद्ध हेच केलं: टाइमआउटमध्ये पाटी आणि पेन खेळाडूंच्या हाती दिलं आणि स्वतः बाजूला झाले. त्यांचा आवाज ऐकून संघ कंटाळलाय असं त्यांना वाटत होतं. संघ 129-83 ने जिंकला. (निकालावरून निर्णय मोजू नये असं मीच म्हणतोय, तेव्हा ते 46 गुण सोडून द्या. संघ हरला असता तरी तो टाइमआउट चांगलाच होता.)

आणि जेम्स नेस्मिथ? 1891 च्या डिसेंबरमध्ये स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून ज्यांनी हा खेळ जन्माला घातला, ते पुढे कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच झाले. त्यांची नोंद आहे 55 विजय, 60 पराभव. कॅन्ससच्या कोचांमध्ये विजयापेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच. आजच्या एखाद्या समितीने तिसऱ्या वर्षी त्यांना निरोप दिला असता.

समित्यांचा विषय निघालाच आहे तर मुलांच्या खेळाचं बोलू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेत जिंकायचा हमखास उपाय कुठल्याही कोचला माहीत असतो. बचावाला झोन लावायचा, पाचही जण बास्केटभोवती गोळा करायचे. या वयाच्या मुलांच्या दंडात लांबून शॉट मारायची किंवा आडवा लांब पास फेकायची ताकद नसते, त्यामुळे झोन फुटत नाही. दुसरा उपाय, पूर्ण मैदानभर प्रेस. लहान मुलाला दोघांच्या डोक्यावरून पास टाकता येत नाही. बॉल हिसकावायचा, ले-अप करायचा, पुन्हा हिसकावायचा. चाळीस-सहा वगैरे निकाल लागतात. हरलेल्यांना बॉल हाती धरायलाही मिळत नाही, आणि जिंकलेल्यांना समोरच्या एका माणसाला अडवायचं कसं, बॉल नसताना मैदानात कुठे उभं राहायचं, हे शिकायची गरजच पडत नाही. चार वर्षांनी समोरच्यांच्या दंडात ताकद येते आणि करंडकवाला संघ एकदम साधारण दिसू लागतो. तोवर कोच मात्र ‘यशस्वी’ म्हणून नावाजला गेलेला असतो.

म्हणूनच एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक नियमांत लहान वयोगटांसाठी झोन नको असं सांगितलंय, आणि रिंगची उंचीही कमी केली आहे: सात-आठ वर्षांच्या मुलांना आठ फूट, नऊ ते अकराच्या मुलांना नऊ, आणि नेहमीची दहा फुटी रिंग बाराव्या वर्षानंतर. दहा फुटी रिंगपर्यंत बॉल पोचवायला लहान मूल कमरेपासून झटका देतं, कोपर बाहेर काढतं, आणि तो वेडावाकडा शॉट पुढे आयुष्यभर सोबत राहतो.

यावर पालकांचा आक्षेप असतो की मुलांना जिंकायला आवडतं, हरण्यातून काय शिकणार? बरोबर आहे, मुलांना जिंकायला आवडतं, आवडायलाच हवं. सगळ्यांना सारखी पदकं वाटा असं मी म्हणत नाही. तो ढोंगीपणा मुलं पहिल्या मिनिटाला ओळखतात. गुणफलक लावा, हारजीत होऊ द्या. फक्त त्या फलकावरून कोचचं वर्षाचं मूल्यमापन करू नका. ते करायचं असेल तर असं बघा: वर्षाच्या सुरुवातीला डाव्या हाताने ले-अप न येणाऱ्या किती मुली आता तो करतात, बेंचवरची शेवटची मुलगी किती मिनिटं खेळली, तीन वर्षांनी यांतल्या किती जणी अजून मैदानावर येतात. हे मोजणं कंटाळवाणं आहे हे मान्य. करंडकाचा फोटो काढणं सोपं असतं.

व्यावसायिक खेळाला हे लागू नाही, असंही म्हणतात. तिथे निकाल हाच धंदा. यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. पोपोविच यांनी 1996 च्या डिसेंबरमध्ये सूत्रं हाती घेतली तेव्हा उरलेल्या मोसमात त्यांची नोंद होती 17 विजय, 47 पराभव. पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, पहिला क्रमांक स्पर्सना मिळाला आणि डंकन आला. तो दुसऱ्या संघाला गेला असता, तर आज पोपोविच यांच्या मानसिकतेवर कुणी एक ओळही लिहिली नसती. त्यांचं काम तेच असतं, पाच विजेतेपदं नसती. यशस्वी कोचबद्दल लिहिणारे नशिबाचा वाटा गाळतात, आणि मग उरलेल्या जागेत ‘वृत्ती’ भरतात.

तोच पोपोविच 2013 च्या त्या पराभवानंतरच्या पहिल्या शिबिरात काय करतो? खेळाडूंना बसवून सहाव्या सामन्याचं चित्रीकरण दाखवतो. स्वतःच्या निर्णयासकट. झालं ते नशीब म्हणून झाकायचं नाही, आणि कुणाच्या मनाचा कच्चेपणा म्हणून कुणाच्या माथी मारायचंही नाही. बॉक्स आउट, म्हणजे रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीने अडवणं, कुणाचं काम होतं, पाय कुठे होते, स्क्रीनवर आवाज कुणी द्यायला हवा होता, एवढंच.

माझ्या त्या खेळाकडे परत येतो. एका संध्याकाळी तीच गार्ड आत घुसली, तिघी अंगावर आल्या, आणि या वेळी तिने कोपऱ्यात पास दिला. कोपऱ्यातल्या मुलीचे हात वर होते. तिने बॉल झेलला, गुडघे वाकवले, शॉट मारला. रिंगच्या मागच्या कडेवर लागून बाहेर. मी शिट्टी वाजवली आणि ओरडलो, दोन गुण! गार्ड हसली. कोपऱ्यातली मात्र माझ्याकडे बघत राहिली.

“सर, पण गेला नाही ना.”

“नाही गेला. शॉट चांगला होता.”

“मग मॅचमध्ये बोर्डावर हे दोन कोण लिहिणार?”